दुसरी सही

आत्या या रविवारी नेहमीसारखी जेवायला आली नाही. तीन वाजता आली आणि पर्स बाजूला न ठेवता मांडीवरच घेऊन बसली. तेव्हाच आईच्या लक्षात आलं, आज ही नणंद म्हणून आलेली नाही, वॉर्डची सिस्टर म्हणून आली आहे.

घरात तीन दिवस विषय एकच होता आणि तीन दिवस कोणी तो काढत नव्हतं. मुंगी म्हणजे या घरातली एकुलती एक लेक, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. लहानपणी सतत काही ना काही उचलून इकडून तिकडे न्यायची म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव तिला कायमचं चिकटलं होतं. गुरुवारी दुपारी वॉर्डात तिने एक इंजेक्शन चुकीचं भरलं. दिलं नाही, भरलं. सुई पेशंटपर्यंत जायच्या आधीच चूक तिची तिलाच दिसली. तिने ते टाकून दिलं, नव्याने बरोबर भरलं आणि दिलं. पेशंट आता खुर्चीत बसून पेपर वाचत होता. झालेला प्रकार कोणी पाहिलेला नव्हता. पण ड्यूटी संपल्यावर या मुलीने कपाटातून घटना-नोंदीचा फॉर्म काढला, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं, खाली नाव आणि रोल नंबर घातला आणि प्राचार्याबाईंच्या टपालपेटीत टाकून घरी आली. शुक्रवारी कॉलेजचं पत्र आलं: पुढचा निर्णय होईपर्यंत वॉर्डात यायचं नाही, पालकांनी सोमवारी अकरा वाजता भेटावं.

दुसऱ्या एखाद्या घरात एवढ्यावर रडारड होऊन विषय संपला असता. पण हे मेट्रनचं घर होतं. मुंगीची आजी चाळीस वर्षं त्याच हॉस्पिटलात होती, शेवटची सोळा वर्षं मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी गल्लीत तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. तिची लेक म्हणजे आत्या, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डची इनचार्ज. मुलगा, म्हणजे मुंगीचे बाबा, एक्स-रे विभागात तंत्रज्ञ. फ्रिजवर एका वेळी तीन ड्यूटीचे तक्ते चुंबकाने लावलेले असत आणि त्यात आईच्या शाळेचं वेळापत्रक कुठेतरी खाली, अर्धं झाकलेलं.

आई भूगोल शिकवायची. बावीस वर्षं ती या टेबलावर रक्त, पू आणि लघवीच्या पिशव्या ऐकत जेवत आली होती. सुरुवातीला तिच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे सवय झाली, पण आपण पाहुणे आहोत ही भावना पूर्णपणे कधी गेली नाही. आज मात्र तिने ठरवलं होतं की मधे बोलायचं.

आत्याने चहा नको म्हटलं आणि कामाचं सांगितलं. प्राचार्याबाईंशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं. फॉर्म अजून रजिस्टरला चढलेला नव्हता. पोरीने सोमवारी येऊन सांगितलं, की मी घाबरून गेले होते, नीट न समजता लिहिलं, तर कागद परत देता येईल आणि मंगळवारपासून ती वॉर्डात येऊ शकेल. बाई स्वतःहून तसं बोलल्या नव्हत्या, पण त्यांच्या बोलण्यात ते होतं.

आईने सुटकेचा श्वास सोडला. एवढं सोपं असेल तर आपण तीन दिवस झोपेचं खोबरं कशासाठी केलं, असं तिला वाटलं. ती लगेच म्हणाली की ताईंचं बरोबर आहे. परीक्षेला सहा महिने राहिले, आता कशाला हा डाग.

बाबा खिडकीशी उभे होते. त्यांना बोलायला लावणं हे एरवी एक कामच असे. ते न वळताच म्हणाले, "तिने लिहिलंय ते खरं आहे ना?"

"खरं आहे," आत्या म्हणाली.

"मग परत घेताना ती काय सांगणार? खोटं आहे म्हणून?"

आत्याने त्यांना समजावलं, की भाऊ, तू दिवसभर हाडांचे फोटो काढतोस, तुझं काम यंत्राशी आहे, वॉर्डात माणसं असतात. फाइलमध्ये एकदा कागद लागला की नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत तो आधी उघडतात. तिच्या सुरात भांडण नव्हतं. भावाशी ती नेहमी अशीच बोलायची, शाळेत डबा विसरलेल्या मुलाशी बोलावं तसं. बाबा खिडकीपासून हलले नाहीत.

मेट्रन टेबलाच्या टोकाला तिच्या खुर्चीत बसली होती. एक्याऐंशी वर्षांची, ताठ पाठीची, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. ती एक शब्द बोलली नव्हती. आईला वाटलं, कानातलं यंत्र बंद असावं.

मुंगी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तीन दिवसांत तिचा चेहरा एवढासा झाला होता. आई तिला म्हणाली, ये, बस, आत्याने मार्ग काढलाय. मुंगी बसली नाही.

"आई, मी कागद परत घेणार नाही," ती म्हणाली.

*

कागद परत घे असं कुणीतरी म्हणणार हे धरून तिने हे वाक्य शुक्रवारपासून पाठ करून ठेवलं होतं. त्यापुढचं काही पाठ नव्हतं, आणि आता सगळे तिच्याकडे बघत होते.

आत्याने विचारलं, तुला बरं वाटत नाहीये का? कामाचा ताण फार झालाय का? प्रश्न सरळ होता, पण मुंगीला तो तसा घेता आला नाही. कारण या घरात ताण हा शब्द पेशंटच्या नातेवाइकांसाठी वापरला जाई. घरातल्या कुणाला ताण आल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. आत्या सलग दोन ड्यूट्या करून यायची आणि हसत हसत कांदा चिरायला बसायची.

म्हणून तिने आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, टेबलाच्या कडेला बोट घासत, कुणाकडेही न बघता.

पहिलं वर्ष बरं गेलं होतं. दुसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी ट्यूटरने तिला वीस मुलींच्या पुढे बोलावलं. मेट्रनबाईंची नात ना तू, मग तूच दाखव यांना शीर कशी शोधायची. शीर सापडली. पण त्या दिवसापासून तिचा हात कापायला लागला. सगळ्यांसमोर नाही, आधी आणि नंतर. तिने हात एप्रनच्या खिशात ठेवायची सवय लावली. मग जेवण जाईना. मग झोप लागेना. झोपेतही ती डोसाची गणितं करायची आणि उत्तर चुकलं की दचकून उठायची. सकाळी उशीला केस चिकटलेले असायचे. ते ती गोळा करून कागदात गुंडाळायची आणि कॉलेजला जाताना बाहेर टाकायची, घरच्या केराच्या डब्यात आईला दिसू नयेत म्हणून.

आईने तोंडावर हात ठेवला. कोणी काही बोलायच्या आत मुंगीने पुढचं सांगून टाकलं, कारण थांबली असती तर तिला पुन्हा सुरू करता आलं नसतं.

चार महिन्यांपूर्वी ती एकदा दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्यावर बसली होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, धुतलेल्या चादरींची लिफ्ट आहे तिथे. डबा मांडीवर, झाकण न उघडलेलं. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती सकाळी सातला सुरू होते ती ड्यूटी संपली तरी थांबत नाही. ती रेडिओ येऊन शेजारी बसली आणि पंधरा मिनिटं एक अक्षर बोलली नाही. सुट्टी संपताना एवढंच म्हणाली, मी उद्या पण येते.

दुसऱ्या दिवशी तिघी झाल्या. आठवड्यात सहा. जिना म्हटलं की वर्गात सगळ्यांना कळू लागलं. आणि तिथे मुंगीला कळलं की कुणाचंच धड चाललेलं नाही. जिचे तक्ते ट्यूटर भिंतीवर लावतात, ती पहिल्या नंबरची मुलगी प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या आधी ओकून येते. एक जण चादरींच्या खोलीत गठ्ठ्यावर डोकं टेकून दहा मिनिटं झोपते, घड्याळ लावून, आणि त्या दहा मिनिटांवर उरलेला दिवस काढते. एक जण होस्टेलच्या गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारते, पाचशे झाल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. एक जण वारलेल्या पेशंटना पत्रं लिहिते. रेडिओ बडबडते ती आतला आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

जिन्यावर त्यांनी दोन नियम केले होते. बोलणारीचं संपेपर्यंत कुणी सल्ला द्यायचा नाही. आणि उठण्याआधी प्रत्येकीने दिवसभरातली एक गोष्ट सांगायची, जी तिने एरवी लपवली असती.

"तिथे मी पहिल्यांदा पूर्ण डबा खाल्ला," मुंगी म्हणाली.

गुरुवारी ड्यूटी सुटल्यावर ती जिन्यावर गेली. तिने इंजेक्शनचं सांगितलं. रक्त पातळ करायचं औषध. डॉक्टरांनी पाच हजार युनिट लिहिले होते. वॉर्डात नेहमी येते ती बाटली एका मिलिलिटरला हजार युनिटची. पाच मिलिलिटरची अख्खी बाटली ओढली की डोस पुरा. त्या दिवशी त्याच खणात, तशाच निळ्या टोपणाची, तेवढीच बाटली होती, पण एका मिलिलिटरला पाच हजारांची. तिने सवयीने अख्खी ओढली. पंचवीस हजार. औषधाची बाटली तीनदा वाचायची असते, खणातून घेताना, औषध ओढताना, बाटली परत ठेवताना. पहिल्या दोन वेळा तिने डोळ्यांनी पाहिलं, वाचलं नाही. तिसऱ्यांदा वाचलं.

जिन्यावर कुणी तिला फॉर्म भर म्हणून सांगितलं नाही. रेडिओने फक्त विचारलं, उद्या ती बाटली त्याच खणात असेल का?

"असणार होती," मुंगी म्हणाली. "म्हणून मी लिहिलं."

आता आई उठली. इतका वेळ कागद परत घ्यावा म्हणणारी आई एकदम दुसऱ्याच टोकाला गेली. ती म्हणाली, कागदाचं काय करायचं ते करा, माझी मुलगी उद्यापासून तिकडे जाणार नाही. केस गळेपर्यंत, घास न उतरेपर्यंत शिकायचं असं काय आहे त्यात? दुसरे कोर्स आहेत. भूगोल आहे. एरवी मुंगी हसली असती.

आत्या आणि बाबा दहा मिनिटांपूर्वी एकमेकांच्या विरुद्ध होते, ते आता एका बाजूला आले. आत्या म्हणाली, तिसरं वर्ष अर्धं झालंय, सोडून कसं चालेल. बाबा म्हणाले, तिला विचारल्याशिवाय ठरवू नका. आई म्हणाली की तुम्हा लोकांना या घरात तिसरी पिढी हवी आहे, मला फक्त मुलगी हवी आहे.

"मला सोडायचं नाहीये," मुंगी म्हणाली. "मला काम येतं, आई. मला झोप हवी आहे, आणि बाटली वाचायला आणखी कुणीतरी हवंय. एवढंच."

*

"कागद दाखव," मेट्रन म्हणाली.

आत्या दचकली. मेट्रनचं कानातलं यंत्र चालू आहे हे तिलाही आत्ताच कळत होतं. मुंगीने आतून फॉर्मची झेरॉक्स आणली. मेट्रनने चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तिची ही वाचण्याची पद्धत आत्याला पाठ होती. ओठ मिटलेले, डाव्या हाताचं बोट ओळीखाली. नवीन लागलेली असताना या बोटाची आत्याला भीती वाटायची. बावन्न वर्षांची झाली तरी आज तिने नकळत पाय जवळ घेतले.

मेट्रनने मुंगीला समोर बसवलं आणि विचारायला लागली. नातीला विचारावं तसं नाही. चौकशीत स्टाफला विचारावं तसं, आवाज न चढवता, एका मागून एक.

किती वाजता भरलंस? बारा वाजून दहा मिनिटांनी. खणावर उजेड कसा आहे? वरचा दिवा महिनाभर बंद आहे. ड्यूटीवर कधी आलीस? सकाळी सातला. त्याआधी? आदल्या दिवशी दुपारची ड्यूटी, रात्री नऊला सुटले. अशी पाठोपाठची ड्यूटी कितवी? पंधरा दिवसांत चौथी. चौथी का? वॉर्डात माणसं कमी होती. ड्यूटीचा तक्ता कोण करतं?

मुंगीने आत्याकडे पाहिलं नाही. आत्याने तिचं न पाहणं पाहिलं.

"मी करते," आत्या म्हणाली.

मेट्रनने मान हलवली, जणू हे उत्तर कुणीही दिलं तरी चाललं असतं. तिचं बोट खाली सरकलं आणि एका ठिकाणी थांबलं.

"हे इंजेक्शन दोघांनी तपासायचं असतं. दुसऱ्या सहीचा रकाना तू कोरा ठेवलास. का?"

मुंगीचं बोट पुन्हा टेबलाच्या कडेवर घासायला लागलं. मेट्रन थांबली. तिला थांबता यायचं, सगळं हॉस्पिटल म्हणायचं की मेट्रन ओरडली तर परवडते, थांबली तर नाही. बाबा खिडकीपासून वळले. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर सुरू झाली.

आत्याला गुरुवारची दुपार डोळ्यासमोर आली. एकाच वेळी दोन नवे पेशंट, एकाला ऑक्सिजन, दुसऱ्याचे नातेवाईक दारात. मुंगी ट्रॉलीपाशी. आत्या जाता जाता औषधांच्या तक्त्यावर वाकली आणि दुपारच्या आठही इंजेक्शनांपुढे, दुसऱ्या सहीच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत सह्या केल्या. त्यातलं एकही इंजेक्शन तेव्हा भरलेलं नव्हतं. आणि वर ती म्हणाली होती, तू भर गं, आपल्या घरचे हात आहेत. म्हणताना तिला केवढा अभिमान वाटला होता.

ती पोर तीन दिवस हे पोटात घेऊन बसली होती. फॉर्मवर नाही, घरी नाही, जिन्यावरही नाही. आणि आपण कागद परत घे म्हणून तिच्यामागे लागलो, पुढच्या महिन्यात मेट्रनच्या जागेसाठी मुलाखत आहे हे मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून.

"दुसरी सही माझी होती," आत्या म्हणाली. "आधीच करून ठेवलेली. मी बाटली पाहिलीच नाही."

आई तिच्याकडे वळली. बावीस वर्षांत ती नणंदेला वाकडा शब्द बोलली नव्हती. "आणि मघापासून तुम्ही तिला कागद परत घ्यायला सांगताय?"

"हो. तिच्या भल्यासाठी सांगतेय असंच वाटत होतं मला." आत्याने मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. "थोडं तिच्यासाठी, थोडं माझ्यासाठी. किती कुणासाठी ते मला आत्ता कळलं."

मुंगी म्हणाली की आत्या, तू कामात होतीस, दोन पेशंट आले होते. आत्याने तिला हाताने थांबवलं. तिची बाजू घेणारं माणूस तिच्या वॉर्डातली सगळ्यात थकलेली मुलगी असावी, हे तिला सहन झालं नाही.

सगळे आता मेट्रनकडे बघत होते. आत्याला वाटलं, चाळीस वर्षांतलं सगळं ठेवणीतलं बोलणं आता आपल्या वाट्याला येणार. पण मेट्रनने चष्मा काढला आणि कागद गुडघ्यावरच्या पिशवीवर ठेवून तळहाताने सरळ केला.

"चाळीस वर्षांत माझ्याकडे एकही मुलगी असा कागद घेऊन आली नाही," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या वॉर्डांत चुका होत नाहीत. निरोपसमारंभातही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या." तिने कागदाची दुमडलेली कड उलगडली. "होतच असणार. माझ्यापर्यंत यायची त्यांची छाती नव्हती."

हे ती स्वतःशी बोलल्यासारखी बोलली. मग मुंगीकडे वळली तेव्हा तिचा नेहमीचा आवाज परत आला होता.

"तू आलीस. हे माझ्या वॉर्डात कुणाला जमलं नसतं. मलाही नसतं जमलं."

मुंगीला रडू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच, आणि तिने हात खिशात घातले नाहीत.

"पण अर्धाच लिहिलायस," मेट्रन म्हणाली. "आत्याला वाचवायला गेलीस आणि चौकशी तिथेच आंधळी केलीस. उरलेला अर्धा तू लिहायचा नाही. तो तुझा नाही."

आत्याने पर्समधून पेन काढलं. बाबांनी न सांगता प्रिंटरच्या ट्रेमधून कोरा कागद आणून तिच्यापुढे ठेवला आणि टेबलावरचा दिवा लावला. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. आत्या लिहीत होती तेवढा वेळ आई उभी होती. मग ती आत गेली आणि कुणाला न विचारता सगळ्यांसाठी चहा ठेवला, आत्यासाठी बिनसाखरेचा.

*

सोमवारी प्राचार्याबाईंच्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या. मुंगी, आत्या आणि बाबा आत गेले. बाहेरच्या बाकावर आई आणि मेट्रन बसल्या. मेट्रनला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी नऊलाच ती चप्पल घालून दाराशी उभी होती, मग तिला नको कोण म्हणणार.

दार पूर्ण बंद होत नव्हतं, त्यामुळे बोलण्याचे तुकडे बाहेर येत होते. प्राचार्याबाईंनी आत्याचा कागद दोनदा वाचला. विचारलं, हा फाइलला लागेल, मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, सिस्टर, तुम्हाला कल्पना आहे ना. आत्या म्हणाली, आहे, लागू दे. (त्या वर्षी ती मेट्रन झाली नाही. झाली ती तीन वर्षांनी, पण ते पुढचं.) मग बराच वेळ खणाबद्दल, दिव्याबद्दल बोलणं चाललं. आत्याने सांगितलं की दोन बाटल्या तिने सकाळी स्वतः वेगळ्या कपाटांत हलवल्या, आधी सही करून ठेवणं तिच्या वॉर्डात आजपासून बंद, आणि विद्यार्थिनींना पाठोपाठची ड्यूटी लागणार नाही असा तक्ता ती करून आणेल. मुंगीची वॉर्डबंदी आठवड्यावर आली. तो आठवडा तिने औषधांच्या खोलीत बसून कुठल्या बाटल्या एकसारख्या दिसतात त्याची यादी करायची. बाबांचा आवाज एकदाच ऐकू आला. ते म्हणाले, आठवड्यातला निदान एक दिवस तिला झोपू द्या.

आईला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिला वाटलं, आपण मुलीला या घरापासून वाचवायला निघालो होतो, आणि इकडे मुलगीच या घराला कुठल्या कुठे घेऊन निघाली आहे. हिला आपण जन्म दिला. तिने ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. गणवेशातली एक मुलगी वर आली, बाकापाशी थबकली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. मागून दुसरी आली, मग आणखी तिघी. पाचही जणींच्या हातात कागद होते. पहिली पुढे झाली आणि हळू आवाजात, भराभर बोलायला लागली. काकू, तुम्ही मुंगीच्या आई ना, आम्ही तिच्याच वर्गातल्या, ती आत आहे ना, बाईंना अजून किती वेळ लागेल, दुपारच्या ड्यूटीला अवकाश आहे म्हणून आलो. आईने ओळखलं, हीच ती रेडिओ.

तुम्ही कशासाठी आलात, असं आईने विचारलं.

"आम्ही पण लिहिलंय," रेडिओ म्हणाली. मग पहिल्यांदाच तिला शब्द शोधावे लागले. "आमचं आमचं. एकटीचा कागद गेला तर ती एकटीच चुकते असं वाटेल ना."

एक मुलगी पांढरीफटक पडली होती. तिने भिंतीला हात टेकला होता आणि दुसऱ्या हातातला कागद मात्र घामाने भिजू नये म्हणून दोन बोटांत धरला होता. भिंतीवर जिचे तक्ते लागतात ती हीच असणार, आईला वाटलं. तिने सरकून त्यांना बाकावर जागा केली, पण कुणी बसेना. मेट्रनबाईंसमोर कसं बसायचं, असं त्या एकमेकींकडे पाहत होत्या. निवृत्त झालेल्या मेट्रनचा फोटो खाली कार्यालयात लावलेला होता. पाचही जणींनी तिला ओळखलं होतं, आणि पाचही जणी ताठ झाल्या होत्या.

या हॉस्पिटलात जुना नियम होता: मेट्रन वॉर्डात आली की हातातलं काम ठेवून मुलींनी उभं राहायचं. चाळीस वर्षांत मेट्रनने तो नियम कुणालाही मोडू दिला नव्हता.

तिने काठी बाकाला टेकवली, एक हात आईच्या खांद्यावर ठेवला आणि दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत उठायला लागली. आईने तिला धरलं, काय हवंय, पाणी आणू का, विचारलं. मेट्रनने नको म्हणून मान हलवली. ती पूर्ण उभी राहिली, पदर सारखा केला, आणि त्या पाच मुलींपुढे, त्यांचा आत जायचा नंबर येईपर्यंत, तशीच उभी राहिली.